प्रश्न वाचकांचे : वीस हजारांत स्वतः उलगडत जाणारे वाद्य

वादकाने सूर आणि नियम ठरवून द्यायचे आणि त्या नियमांच्या आधारे यंत्राने तासन्‌तास, घाई न करता, रचना उलगडत न्यायची, अशा 'जनरेटिव्ह अँबिअंट' संगीतावर मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारणा केली आहे : असे मॉड्युलर वाद्य, म्हणजे मॉड्यूल नावाचे सुटे विद्युत भाग वायरींनी जोडून बनणारे वाद्य, घरी, बेताच्या खर्चात उभे करता येईल का? त्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. वीजपुरवठ्याच्या प्रश्नाला दिलेली जागा काही वाचकांना जास्त वाटेल, पण ती जाणूनबुजून दिली आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोल्डरिंग बऱ्यापैकी जमते, लॅपटॉप आहे आणि शिकवण्या घेऊन साठवलेले वीस हजार रुपये आहेत. मॉड्युलर सिंथेसायझरच्या एकेका मॉड्यूलची किंमत पाहूनच धीर सुटतो. सुरुवात कोठून करावी आणि पहिल्यांदा कोणते मॉड्यूल घ्यावे?
(एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : पहिले दोन-तीन महिने एक रुपयाही खर्च करू नका. 'व्हीसीव्ही रॅक' नावाचे सॉफ्टवेअर २०१७ पासून उपलब्ध आहे आणि त्याची मूळ आवृत्ती मोफत मिळते. त्यात पडद्यावर मॉड्यूल मांडायची, माउसने वायरी जोडायच्या आणि प्रत्यक्ष यंत्रात जे घडले असते ते लॅपटॉपच्या स्पीकरमधून ऐकायचे. फ्रान्समधील एमिली जिले यांच्या 'म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स' या कंपनीने आपल्या मॉड्यूलची सर्किटे आणि प्रोग्राम खुले ठेवले होते. कंपनीचे काम २०२२ मध्ये थांबले, तरी त्यांतील बऱ्याच रचना या सॉफ्टवेअरमध्ये मोफत वापरता येतात आणि त्याच रचनांच्या स्वस्त प्रतिकृती इतर उत्पादक विकतात. त्यामुळे जे मॉड्यूल पुढे विकत घ्यावेसे वाटेल ते आधी मनसोक्त वाजवून पाहण्याची सोय आपल्याला आहे.

या काळात एक नोंद मात्र ठेवा. जो पॅच, म्हणजे मॉड्यूलची जी जोडणी, आवडेल त्यात प्रत्यक्ष आवाज काढणारी मॉड्यूल किती आहेत, आणि त्या आवाजाला हलवणारी, म्हणजे सूर बदलणारी, नादातील काही कंपने गाळणारा फिल्टर उघडझाप करणारी, कधी वाजायचे आणि कधी गप्प राहायचे हे ठरवणारी मॉड्यूल किती आहेत, हे लिहून ठेवा. आवाज काढणारे एक आणि हलवणारी पाच-सहा असे प्रमाण आपल्याला वारंवार आढळेल. नवशिक्यांची खरेदी बहुधा याच्या उलट होते. तीन सुंदर ऑसिलेटर (आवाज काढणारी मॉड्यूल) घेतले जातात, पैसे संपतात, आणि ते तीन ऑसिलेटर एकाच जागी उभे राहून गुणगुणत राहतात. या संगीतात कानाला कंटाळा येतो तो नादाचा नव्हे, तर न बदलणाऱ्या हालचालीचा येतो. सुदैवाने हलवणारी सर्किटे हीच सर्वांत स्वस्त आणि हाताने बनवायला सर्वांत सोपी असतात. म्हणून माझा सल्ला असा की आवाज विकत घ्यावा आणि हालचाल घरी बनवावी.

विकत घ्यायचे एकमेव मॉड्यूल म्हणजे डिजिटल ऑसिलेटर. वीस हजारांतील निम्मी रक्कम त्यावर गेली तरी चालेल. 'प्लेट्स' या खुल्या रचनेची प्रतिकृती घेतली तर तारेचा, घंटेचा, गोंगाटाचा आणि साध्या तरंगाचा असे अनेक नाद एकाच मॉड्यूलमध्ये मिळतात. डिजिटल असण्याचा आग्रह सांगलीच्या हवामानामुळे धरतो आहे. साध्या ॲनालॉग ऑसिलेटरमध्ये व्होल्टेजचे सप्तकात रूपांतर ट्रान्झिस्टर करतो आणि त्याचे माप तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्याने सरकते. मे महिन्यात सकाळच्या पंचविशीतून दुपारच्या चाळिशीवर पारा गेला की हा फरक पाच टक्क्यांवर पोचतो, म्हणजे एका सप्तकाच्या अंतरात सप्तकाच्या बाराव्या भागाच्या निम्म्याहून अधिक चूक होते. तापमानाची भरपाई करणारी सर्किटे अर्थातच असतात, पण त्यांचा खर्च आणि जुळवणी पहिल्या यंत्रात नको.

आता हालचालीकडे वळू. सर्वांत आधी नॅनो जातीचा आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम भरता येणारा छोटा संगणक) घ्या आणि त्यात ब्रिटनचे टॉम व्हिटवेल यांनी २०१२ मध्ये खुल्या केलेल्या 'ट्युरिंग मशीन' या मॉड्यूलची कल्पना उतरवा. सोळा घरांची एक रांग कल्पा, ज्यातील प्रत्येक घरात शून्य किंवा एक आहे. दर ठोक्याला सर्व अंक एक घर पुढे सरकतात आणि शेवटचा अंक फिरून पहिल्या घरात येतो. त्यांपैकी आठ घरांतील अंकांची मिळून जी संख्या होते तिचे व्होल्टेज केले की सोळा ठोक्यांची, तंतोतंत परत येणारी सुरावट तयार होते. त्यानंतर फिरून येणारा अंक अधूनमधून उलटा करायचा आणि तो किती वेळा उलटावा हे एका नॉबने ठरवायचे. निम्म्या वेळा उलटला तर केवळ यदृच्छा, म्हणजे नियम नसलेली निवड, उरते, कधीच उलटला नाही तर सुरावट गोठते, आणि पन्नासात एखाद्या वेळी उलटला तर ओळखीची सुरावट कडेकडेने झिजत, बदलत जाते. आपल्याला हवी असलेली जागा हीच. या प्रोग्रामला मोजक्याच ओळी लागतात आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला त्या अवघड जाऊ नयेत.

एक खबरदारी येथेच सांगतो. नॅनोच्या स्वतःच्या पीडब्ल्यूएम आउटपुटवरून, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होऊन सरासरी व्होल्टेज देणाऱ्या आउटपुटवरून, सूर चालवू नका. पाच व्होल्टचे २५६ भाग केले की एक पायरी जवळजवळ २० मिलिव्होल्टची होते, आणि एका सप्तकाला एक व्होल्ट या रूढ मापात सप्तकाच्या बाराव्या भागाला फक्त ८३.३ मिलिव्होल्ट मिळतात. या जाडसर पायऱ्यांवर सूर नीट बसत नाही. आकड्याचे व्होल्टेज करणारी एमसीपी ४८२२ ही चिप काहीशे रुपयांत मिळते, तिच्यात दोन आउटपुट असतात आणि तिची पायरी बरोबर एक मिलिव्होल्टची असते. तिच्या ४.०९६ व्होल्टच्या पल्ल्यात चार सप्तके मावतात. फिल्टर किंवा आवाजाची पातळी हलवायला मात्र पीडब्ल्यूएम, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरेसे आहेत.

मंद हेलकाव्यांसाठी टीएल ०७२ या ऑप-अँपचे (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचे) लोफ्रीक्वेन्सी ऑसिलेटर, म्हणजे अतिशय सावकाश चढउतार करणारे सर्किट, करा. एक मेगाओहमचा रेझिस्टर आणि दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की सर्किटाचा टाइम कॉन्स्टंट दहा सेकंदांचा होतो आणि असे तीन हेलकावे झीरो पीसीबीच्या एका तुकड्यावर बसतात. त्यापुढची पायरी म्हणून ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील अँड्र्यू फिच यांचे 'स्लॉथ' हे सर्किट पाहा. त्यातून एका लयीत न परतणारा, अतिशय संथ असा व्होल्टेज मिळतो आणि भाग अगदी थोडे लागतात. यदृच्छेसाठी बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड बारा व्होल्टवर उलट्या दिशेने जोडला की खरखर मिळते. ती ऑप-अँपने मोठी करून ठोक्यागणिक एका कपॅसिटरवर पकडली की सँपल-अँड-होल्ड झाले.

आवाज उघडमीट करण्यासाठी व्हीसीए (व्होल्टेजने आवाजाची पातळी बदलणारे मॉड्यूल) विकत घेण्याऐवजी एक एलईडी आणि एक एलडीआर (प्रकाशाप्रमाणे रोध बदलणारा भाग) समोरासमोर धरून काळ्या हीट-श्रिंक नळीत बंद करा. एलडीआर प्रकाश पडताच चटकन उघडतो पण अंधार झाल्यावर रेंगाळत मिटतो, त्यामुळे प्रत्येक स्वर छेडल्यासारखा येतो आणि आपला आपण विरतो. अँबिअंटसाठी याहून चांगला व्हीसीए महागड्या मॉड्यूलमध्येही सहज सापडत नाही, असे माझे मत आहे. खाली सतत राहणाऱ्या नादासाठी सीडी ४०१०६ या चिपमध्ये सहा ऑसिलेटर होतात, प्रत्येकाला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लागतो. शंभर किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतल्यास सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास बसतो. शेवटी कराओके यंत्रांत वापरली जाणारी पीटी २३९९ ही प्रतिध्वनीची चिप घ्या. तिला पाच व्होल्ट लागतात, ती सुमारे ३४० मिलिसेकंदांपर्यंत आवाज मागे ठेवते आणि विलंब वाढवत नेला की आवाज गढूळ होत जातो. हा गढूळपणा गाण्याला दोष ठरेल, आपल्याला तो हवा आहे.

बांधणीबद्दल थोडक्यात. जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात रूढ केलेल्या युरोरॅक पद्धतीची विद्युत मापे, म्हणजे उणे-अधिक बारा व्होल्टचा पुरवठा, ३.५ मिलिमीटरचे मोनो जॅक आणि सप्तकाला एक व्होल्ट, ही काटेकोर पाळा. मॉड्यूलच्या दर्शनी पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर आणि रुंदीचे एकक ५.०८ मिलिमीटर असते. तीही पाळल्यास पुढे मॉड्यूल विकताना किंवा बदलून घेताना अडचण येत नाही, पण घरी बनवलेल्या सर्किटांसाठी सक्ती नाही. पट्ट्या नंबर प्लेट आणि रेडियमचे काम करणाऱ्याकडून तीन मिलिमीटरच्या अॅक्रिलिकमध्ये कापून घ्या. पेटी प्लायवूडची करा. चिपा आणि जॅक सांगलीत न मिळाल्यास पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात एका फेरीत बहुतेक सामान मिळते, फक्त भागांची यादी कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक चिप एक जास्तीची घ्या.

प्रश्न : १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२, ७९१२ हे रेग्युलेटर वापरून वीजपुरवठा बनवतो आहे. आमच्या भागात उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज बरेच खाली जाते. चालेल का? मोबाइलचे दोन चार्जर जोडून काम भागेल का?
(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : चार्जरचा विचार सोडून द्या. त्यांच्यातून पाच व्होल्ट मिळतात आणि त्यांच्या स्विचिंगचा गोंगाट फिल्टरमध्ये स्पष्ट ऐकू येतो. ट्रान्सफॉर्मरचा मार्ग योग्य आहे, पण १२-०-१२ ऐवजी १५-०-१५ घ्यावा लागेल. त्याचे गणित मांडतो, कारण या एका भागात वाचवलेले शंभर रुपये पुढे सगळ्या यंत्राला भोवतात.

बारा व्होल्टच्या एसीचे शिखर सुमारे १७ व्होल्ट असते. डायोडमध्ये एक व्होल्ट गेला की १६ उरतात. २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३०० मिलिअँपिअरचा भार धरला तर दोन शिखरांच्या मध्ये व्होल्टेज आणखी सुमारे १.४ ने घसरते, म्हणजे तळाशी १४.६ व्होल्ट. अधिक बारा व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या ७८१२ ला नीट चालण्यासाठी साधारण १४ व्होल्ट लागतात. २३० व्होल्टवर हे जेमतेम भागते. घरातील वीज १९० वर आली की शिखरच १४ वर येते, डायोड आणि घसरण वजा जाता ११.६ उरतात, आणि रेग्युलेटर हात टेकतो. परिणाम असा की यंत्र बंद पडत नाही, पण त्यातून शंभर हर्ट्झची घरघर येऊ लागते, सूर डळमळतात आणि दोष निर्दोष सर्किटांत शोधला जातो. १५-०-१५ घेतल्यास १९० वरही तळाशी सुमारे १५ व्होल्ट राहतात. त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते, कारण भरपूर वीज असताना प्रत्येक रेग्युलेटर दोन-सव्वादोन वॅट जाळतो. म्हणून हीट सिंक अनिवार्य आहे. कपॅसिटर २५ व्होल्टचे न घेता ३५ व्होल्टचे घ्या, कारण भार नसताना आणि रात्री वीज चढलेली असताना २५ ची मर्यादा धोक्यात येते.

दोन चुका फार सामान्य आहेत. ७८१२ आणि ७९१२ दिसायला सारखे असले तरी त्यांचे पाय वेगळ्या क्रमाने असतात. पहिल्यात इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम आहे आणि दुसऱ्यात ग्राउंड, इनपुट, आउटपुट असा. शिवाय ७८१२ ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, तर ७९१२ ची पाठ त्याच्या इनपुटला, म्हणजे ऋण व्होल्टेजला जोडलेली असते. दोन्ही एकाच हीट सिंकवर अभ्रकाच्या चकतीशिवाय आवळले की सरळ शॉर्ट होतो. मॉड्यूलच्या चपट्या केबलवरची लाल कड उणे बारा व्होल्टच्या बाजूला येते, तेव्हा पहिल्यांदा जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने प्रत्येक टोक तपासा. उलट जोडलेले विकतचे मॉड्यूल पुन्हा चालेल याची कोणी हमी देत नाही.

घरातील मेन्सच्या विजेवर काम करण्याची सवय नसेल तर ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि तीन पिनांची अर्थिंगसह जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बंद धातूच्या डब्यात करून घ्या. त्या डब्यातून बाहेर फक्त कमी व्होल्टच्या तारा याव्यात.

प्रश्न : मी निवृत्त संगीत शिक्षक आहे. नातू हे यंत्र बनवतो आहे. यंत्राने आपोआप निवडलेल्या स्वरांतून राग कधी उभा राहील का? की हे सारे परदेशी खूळ आहे? घरात एक जुना तंबोरा आहे, त्याचा यात काही उपयोग होईल का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : खुळाचा मुद्दा आधी निकालात काढू. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर सिंथेसायझर बसवला आणि पुढची काही वर्षे भारतीय संगीतकारांनी त्यावर काम केले. म्हणजे हे यंत्र आपल्याकडे पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे, फक्त घरांत पोचलेले नव्हते.

रागाच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर 'नाही' याच्या बरेच जवळ जाते. क्वांटायझर हे मॉड्यूल येणारे कोणतेही व्होल्टेज ठरवून दिलेल्या स्वरांपैकी जवळच्या स्वरावर नेऊन बसवते. त्यात सा, रे, ग, प, ध भरले तर भूप वाजेल असे विक्रेते सांगतात. हेच पाच स्वर देशकारातही आहेत. भूपात गंधार वादी (मुख्य स्वर) आहे आणि देशकारात धैवत, चलनही निराळे आहे, आणि क्वांटायझरला यांतले काहीच कळत नाही. नातवाला एवढे करायला सांगा की प्रत्येक स्वर सारख्या शक्यतेने येऊ देऊ नये. गंधाराला जास्त वाटा, त्याखालोखाल धैवताला, आणि षड्ज क्वचित पण लांब, असे वजन प्रोग्राममध्ये देता येते. कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर यावा याचीही तक्ता-सारणी करता येते. त्यातून रागाची सावली पडते. तिला राग म्हणू नये, हे तुम्ही नातवाला सांगालच.

स्वरस्थानांच्या बाबतीत मात्र यंत्राकडून बरीच अपेक्षा ठेवता येते. बाजारातील क्वांटायझर बहुधा सप्तकाचे बारा समान भाग करतात. पांढरी एकच्या षड्जावर, म्हणजे १३०.८ हर्ट्झवर, लावलेल्या तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार षड्जाच्या पाचपटीला, ६५४ हर्ट्झवर येतो. समान भागांच्या गंधाराचा चौथा उपस्वर ६५९ हर्ट्झच्या पुढे पडतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाच वेळा थरथर होते, जी आपल्या कानाला लगेच खुपेल. सांगलीच्या विद्यार्थिनीला वर सुचवलेली चिप वापरली तर स्वरांची व्होल्टेज हवी तशी लिहिता येतात : रिषभ १७०, गंधार ३२२, पंचम ५८५ आणि धैवत ५/३ च्या प्रमाणात धरल्यास ७३७ मिलिव्होल्ट. समान भागांत हेच आकडे १६७, ३३३, ५८३ आणि ७५० आहेत. पंचमात फरक नगण्य आहे आणि गंधार-धैवतात तो अकरा व तेरा मिलिव्होल्टचा आहे. शेवटचा कौल आकड्यांनी नव्हे, तुमच्या कानाने द्यावा.

जुन्या तंबोऱ्याचा उपयोग होतोच, किंबहुना माझ्या मते या सर्व पत्रांत सर्वांत चांगला ध्वनिस्रोत तुमच्याकडे आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या जवारीचे, म्हणजे घोडीवर घासून उमटणाऱ्या तारेच्या झणकाराचे, अनुकरण करायला सिंथेसायझरमध्ये धारदार तरंगावर एक अरुंद फिल्टर सावकाश फिरवत ठेवावा लागतो, आणि तरीही ते अनुकरणच राहते. बझरमधील पिझोची (कंपनाचे व्होल्टेज करणारी) पितळी चकती काही रुपयांत मिळते. ती तबलीवर घोडीजवळ लावून एक मेगाओहम इनपुटच्या टीएल ०७२ बफरमधून यंत्रात आणा. चिकटवण्यासाठी कागदी चिकटपट्टीच वापरा, कारण डबल टेप निघताना पॉलिश घेऊन जातो. तंबोऱ्याचा नाद यंत्राच्या फिल्टरमधून जाऊ द्या, आणि त्याच नादाची पातळी मोजून तिच्यावर यंत्राची गती अवलंबून ठेवा. तार छेडली की यंत्र गप्प होईल आणि नाद ओसरला की पुन्हा हलू लागेल, असे जोडता येते.

प्रश्न : माझ्याकडे सोल्डरिंगचा अनुभव नाही आणि शिकायला वेळही नाही. परदेशातून किट मागवू की तयार यंत्र घेऊ?
(एक वाचक, कराड)

उत्तर : वेळ नसेल तर किट मागवू नका. किटमध्ये पैसे वाचतात ते तुमच्या वेळेच्या बदल्यात वाचतात, आणि परदेशातून येताना सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचा आकार मिळून वाचलेलेही जाते. बेहरिंगरच्या 'क्रेव्ह'सारखे सेमी-मॉड्युलर यंत्र घ्या. त्यात ऑसिलेटर, फिल्टर आणि सीक्वेन्सर (स्वर क्रमाने वाजवणारा भाग) आतून जोडलेले असतात आणि बाहेर पॅच करायला जॅकही असतात. यदृच्छा त्यात कमी आहे, ती पुढे बाहेरून जोडता येते. वापरलेले मिळाल्यास उत्तम, फक्त घेण्यापूर्वी प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका.

प्रश्न : यंत्राचे आउटपुट घरातल्या अँप्लिफायरला सरळ जोडावे का?
(एक वाचक, विटा)

उत्तर : जोडू नये. मॉड्युलरचा आवाज उणे पाच ते अधिक पाच व्होल्टच्या घरात असतो आणि घरगुती अँप्लिफायरच्या लाइन इनपुटला एक व्होल्टही पुष्कळ होतो. दहा किलोओहम आणि एक किलोओहमची जोडी करून सिग्नल अकराव्या हिश्शावर आणा आणि त्याआधी दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घाला, म्हणजे स्थिर व्होल्टेज स्पीकरपर्यंत जाणार नाही. हेडफोनवर पहिल्यांदा ऐकताना ते कानावर न चढवता हातात धरून ऐका.

प्रश्न : सहा महिने खपून यंत्र बनवले. चालते, सूरही बरे लागतात. पण दहा मिनिटांत कंटाळा येतो. कधी गुंता वाटतो, कधी तेच तेच वाटते. आणखी कोणते मॉड्यूल घ्यावे?
(एक वाचक, तासगाव)

उत्तर : कोणतेही घेऊ नका. गुंता आणि तोचतोचपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची उत्तरे तुमच्या पेटीत आधीच असण्याची शक्यता मोठी आहे.

तोचतोचपणा बहुधा एकाच क्लॉकमुळे, म्हणजे ठोके देणाऱ्या सर्किटामुळे, येतो. सर्व काही एका ठोक्यावर बांधले की यदृच्छा कितीही घाला, कान चौकट ओळखतो. ब्रायन ईनो यांनी १९७० च्या दशकात निरनिराळ्या लांबीच्या टेपच्या फिती एकाच वेळी फिरत ठेवून हा प्रश्न सोडवला : प्रत्येक फीत स्वतःपुरती तेच वाजवते, पण सर्वांची जुळणी फार उशिरा परत येते. तुमच्या यंत्रात १३, १७ आणि २३ सेकंदांचे तीन हेलकावे लावून पाहा. या संख्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे तिन्ही एकत्र सुरुवातीच्या जागी यायला ५०८३ सेकंद, म्हणजे जवळजवळ एक तास पंचवीस मिनिटे लागतात. १०, २० आणि ३० सेकंद घेतले असते तर एका मिनिटात सारे परतले असते. ॲनालॉग सर्किटात कालावधी थोडे सरकत राहतात, तेव्हा व्यवहारात तंतोतंत पुनरावृत्ती येतच नाही.

गुंता कमी करण्यासाठी आधी सर्व वेग निम्मे करा आणि मग पुन्हा निम्मे करा. नवे यंत्र बनवणाऱ्याला प्रत्येक सर्किट काम करते आहे हे ऐकायचे असते, म्हणून नॉब नकळत वेगाकडे झुकलेले राहतात. त्यानंतर हालचालींची मापे ठरवा. सुराला मोठी उडी घेऊ देत असाल तर फिल्टर जवळजवळ स्थिर ठेवा, आणि फिल्टर फिरत असेल तेव्हा सूर दोन-तीनच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट लक्ष वेधून घेते आहे का, एवढे तपासत राहा. प्रत्येक हेलकाव्याच्या पुढे एक साधा पोटेन्शिओमीटर लावून त्याची तीव्रता कमी करण्याची सोय ठेवा. शंभरात नव्वद वेळा तो नॉब मधल्या खुणेच्या खालीच शोभतो.

आणि यंत्राला गप्प राहायला शिकवा. यासाठी सर्वांत मंद हेलकावा एका कंपॅरेटरला, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटाला, द्या. हेलकावा ठरलेल्या व्होल्टेजच्या वर असेल तेव्हाच ठोके पुढे जातील आणि खाली आला की स्वर थांबून फक्त मागचा प्रतिध्वनी विरत जाईल, अशी जोडणी करा. त्या मर्यादेच्या नॉबने वाजण्याचे आणि थांबण्याचे प्रमाण बदलता येते. निम्मा वेळ शांतता, हे प्रमाण पहिल्यांदा फार वाटेल, तरी तासभराचे रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी घरातली इतर कामे करताना ऐका आणि मगच नॉब हलवा. थांब्यांची लांबीही यदृच्छेने बदलायची असेल तर सँपल-अँड-होल्डचे व्होल्टेज या मर्यादेत थोडेसे मिसळा. या कंपॅरेटरसाठी नवी चिप लागत नाही, टीएल ०७२ मध्ये दोन ऑप-अँप असतात आणि तुमच्या एखाद्या सर्किटाने त्यांतील एकच वापरला असेल तर उरलेला येथे कामाला लावता येतो.